निघाली का पाण्यातून

झरी गावात कुणाच्या घरी वाईट घडलं, की बायका रडायला लागायच्या आधी एकजण चंद्रभानच्या शोधात निघायचा. पुण्यातल्या लेकाला, नांदेडच्या भावाला कळवायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक मयतीच्या घरात पहिल्यांदा उभा राहतो, आणि ज्याच्या हातात फोन द्यावा त्याचाच आवाज फुटतो. चंद्रभानचा फुटत नसे. तो घसा साफ करायचा, ओसरीच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि सोयाबीनचा भाव सांगावा इतक्या सरळ सुरात बोलायचा, "जरा तब्येत बिघडली. दवाखान्यात नेलंय. तुमी निघा, पण गाडी हळू चालवा."

मेलेल्या माणसांना त्यानं आयुष्यात कितीदा तरी असं दवाखान्यात नेलं. आपल्याकडे फोनवर 'गेले' असं कुणी सांगतं का? वाटेवरच्या माणसाचे हातपाय गळू नयेत म्हणून बातमी अर्धी द्यायची. उरलेली त्याला दारातली गर्दी बघून कळते. ऐकणाराही काही खुळा नसतो, पण थोडी आशा उरते आणि तिच्या जोरावर तो घरापर्यंत पोचतो. ही रीत सगळ्यांचीच, चंद्रभानला ती इतरांपेक्षा चांगली जमली एवढंच. बाकी त्याला कुणी ओळखावं असं त्याच्यात काही नव्हतं. परभणीच्या एका कॉलेजात क्लार्क, पुढं राहायलाही तिथंच, अंगानं हडकुळा, सभेत मागच्या रांगेत बसणारा. पण या एका बाबतीत लोक त्याला मानायचे आणि त्याला ते आवडायचं. माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो.

गावातल्या नर्मदाबाईचा नवरा शेतातच कोसळून गेला तेव्हा ती माहेरी, चुडाव्याला होती. चंद्रभान जीप घेऊन तिला आणायला गेला. स्टेशनाजवळच्या टपरीवर त्यानं तिला चहा पाजला, फडक्यात बांधलेली भाकरी सोडायला लावली. तिचा घास घशाखाली उतरेना, तेव्हा तो म्हणाला, "खाऊन घ्या मावशी. ते तुमालाच विचारायलेत." मग ती जेवली. पुढं महिन्याभरानं तीच म्हणाली, "तू चार घास पोटात जाऊ दिलेस, बाबा. त्याच्यावर तर निभावलं मी." हे वाक्य चंद्रभाननं एखादं प्रशस्तिपत्र जपावं तसं जपलं आणि घरी बायकोला कौतुकानं सांगितलं.

बायको, वैष्णवी, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं विचारलं, "ते विचारायलेत म्हणालात, ते खरं होतं का?"

"खरं कसं असल? ते तर जाग्यावरच गेलते."

"मंग ती बाई रस्ताभर, त्यांना भेटल्यावर काय बोलायचं ते जुळवीत बसली असल." घडी तिच्या हातातच राहिली. "माझ्यासंग असं कधी करू नका. माझं काई असलं तर सरळ तोंडावर सांगा."

"बरं," चंद्रभान म्हणाला. बायकोला 'बरं' म्हणायला काय लागतं?

वैष्णवी येलदरीची. बाप बन्सीधर, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, धरणाच्या काठाला थोडी शेती करायचे आणि पाण्यात जाळं टाकायचे. मुलगा नव्हता, एकच लेक. ती चालायला लागली आणि पाण्याकडे धावायला लागली, तेव्हा आबांनी दोन रिकामे डबे तिच्या पाठीला बांधून तिला धरणात सोडलं. आई कस्तुराबाई काठावर उभी राहून कपाळ बडवायची. मोठी झाल्यावर वैष्णवी आतल्या खडकापर्यंत जाऊन परत यायची. आबा जाळं दुरुस्त करत पाठमोरे बसायचे, कारण लेक पाण्यात असताना तिकडे बघण्याची त्यांची छाती नव्हती. तेवढ्यापुरता एक शिरस्ता पडला होता. बाहेर आली की तिनं हाक द्यायची, "आबा, निघाले." मग त्यांचा हात चालायचा थांबे, आणि ते न वळता म्हणायचे, "बरं. अंग पूस."

लग्न होऊन परभणीला आली, शाळेत पीटीची बाई झाली, तरी हे सुटलं नाही. तलावातून निघाली की ओल्या हातानं येलदरीला फोन. "आबा, निघाले." "बरं. अंग पूस." फोन ठेवला. दोघांचं बोलणं तेवढंच, पण ते झाल्याशिवाय म्हातारा जेवायला बसत नसे, असं कस्तुराबाई सांगायची.

पुढं वैष्णवीला त्या स्पर्धांचा नाद लागला. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि सगळं एका दमात. जिंतूर रोडला पहाटे सायकल, कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पळणं. चंद्रभान मागून मोटारसायकलवर, डब्यात भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाची पोळी घेऊन. मूलबाळ नसलेल्या घराला दुसरं काम काय, असं लोक तोंडावर नाही तरी पाठीमागं बोलायचे. तिनं ते कानाआड केलं. आणि मग तिनं लडाखमधली स्पर्धा निवडली. हिमालयातल्या गार तळ्यात दोन किलोमीटरच्या आसपास पोहायचं, घाट चढत-उतरत नव्वद किलोमीटर सायकल, आणि त्यावर एकवीस किलोमीटर पळत जाऊन डोंगरावरच्या गोम्पापाशी, म्हणजे बौद्ध मठापाशी, संपवायचं. श्वास घ्यायला हवा पुरत नाही अशा उंचीवर. ज्या परभणीत उन्हाळ्यात टाकीतलं पाणी अंगाला चटके देतं, तिथल्या बाईनं हे करायचं म्हणजे कमालच होती.

गारठ्याची सवय व्हावी म्हणून तिनं घरी बर्फाची लादी मागवली आणि पिंपात घालून त्यात बसायचं ठरवलं. टेम्पोतून लादी उतरताना बघून शेजारपाजारचे घाबरून दारात आले. आपल्याकडे घरी बर्फाची लादी येते ती एकाच कारणासाठी. "कोण गेलं, चंद्रभान?" शेजारच्या चतुराबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं. वैष्णवी पोट धरून हसली होती. चंद्रभानलाही हसू आलं होतं, त्याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

त्या स्पर्धेचा नियम असा, की प्रत्येकानं आपला एक मदतनीस आणायचा. त्यानं गाडीतून मागं राहायचं, कपडे, खाणं-पिणं बघायचं, आणि शेवटचा चढ स्पर्धकाबरोबर स्वतः चालायचा. मदतनिसाला वाटलं तर तो स्पर्धकाला कुठंही थांबवू शकतो. वैष्णवीनं चंद्रभानचं नाव दिलं. निघायच्या आधी दोघं येलदरीला जाऊन आले. आबा थकले होते, जिना चढताना छातीवर हात ठेवत होते. "तिथलं पाणी कसं हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. "लय गार," वैष्णवी म्हणाली. म्हातारा जावयाकडे वळून बोलला, "निघाली की लगेच कळवा. माझा जीव टांगणीला राहतो."

लडाखला पोचल्यावर कळलं, की बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालतच नाही. वैष्णवीचा फोन बंद पडला. चंद्रभानचा नंबर पोस्टपेड होता, तो चालत होता. दोघांत तेवढा एक फोन.

शर्यतीच्या सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून चंद्रभानचे दात वाजत होते. जाड रबरी सूट घातलेली माणसं पाण्यात शिरली आणि पहिल्याच क्षणी कुणीतरी ओरडून परत फिरलं. वैष्णवीनं मागं वळून बघितलं नाही. ती तोंड पाण्यात घालायची, श्वास कोंडून वर यायची, पुन्हा घालायची. हळूहळू तिची टोपी इतरांच्या टोप्यांत मिसळली. तेव्हा खिशात फोन वाजला.

भुजंग होता, वैष्णवीचा चुलतभाऊ. आवाज सरळ, नको तितका सरळ. "दाजी, आबाच्या छातीत कळ आली रात्री. परभणीला दवाखान्यात आणलंय. डॉक्टर म्हणायलेत, ज्याला बोलायचं हाय त्याला बोलू द्या. ताईला फोन द्या जरा."

मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं. चंद्रभाननं विचारलं, "कसे हायत?"

"हायत. ताईलाच विचारायलेत. निघाली का पाण्यातून म्हणून."

'विचारायलेत.' चुडाव्याच्या टपरीवर हेच वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं. तोच दवाखाना, तोच ताब्यात ठेवलेला आवाज, तेच मागचं रडणं. भुजंगला हे कुणी शिकवलं असेल? आपलंच बघून शिकला असणार. आबा गेले, हे चंद्रभाननं जाणलं, आणि जाणलं म्हणजे त्याला शंभर टक्के ठाऊक झालं. उभ्या जन्मात ही गोष्ट ओळखण्यात तो कधी चुकला नव्हता.

"ती पाण्यात हाय," तो म्हणाला. "निघाली की लावतो."

"लवकर लावा, दाजी."

फोन ठेवून तो थंडीत तसाच उभा राहिला. तिला सांगितलं तर ती इथंच खचेल. या उंचीवर धक्का बसला तर काय होतं, हे आदल्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं. आणि सांगून उपयोग काय? विमान उद्या सकाळी. आजचा दिवस तिनं रडत हॉटेलात काढायचा, की ज्यासाठी दोन वर्षं जीव काढला ते पुरं करायचं? तिला थांबवायचा अधिकार त्याच्या हातात होता. त्यानं तो वापरला नाही. आधी संपू दे, मग बसवून, चार घास खायला घालून सांगू, असं त्यानं ठरवलं. ठरवताना त्याला जरा बरंही वाटलं. एवढी अवघड जिम्मेदारी दुसऱ्या कुणाला पेलली नसती, असंही मनात येऊन गेलं.

वैष्णवी बाहेर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. पायांना जमीन कळत नव्हती. चंद्रभाननं टॉवेल टाकला, तर तिनं आधी हात पुढं केला. बोटं वळत नव्हती, तरी हात फोनसाठी होता.

"रेंज न्हाई," चंद्रभान म्हणाला.

"मघाशी होती की."

"गेली. चल, उशीर होईल."

तिनं त्याच्याकडे बघितलं, पण मेंदू गारठलेला माणूस किती विचार करणार? "लागला की सांगा त्यांना. निघाले म्हणून."

"सांगतो."

ती सायकलवर बसून गेली. फोन पुन्हा वाजला. भुजंगच. चंद्रभाननं तो कापला. पुन्हा वाजला. गाडीचा ड्रायव्हर आरशातून बघायला लागला, तेव्हा त्यानं फोन बंदच करून टाकला. गेलेल्या माणसाला काय कळवायचं होतं?

घाटात वारा समोरून होता. वैष्णवी दोनदा सायकलवरून उतरली, एकदा रस्त्याच्या कडेला बसून ओकली. तोंडावर धूळ, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. ठरलेल्या ठिकाणी डॉक्टर बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचे. आकडा बघून त्यांनी मान हलवली आणि मदतनीस काय म्हणतो म्हणून चंद्रभानकडे पाहिलं. "जाऊ द्या," चंद्रभान म्हणाला. वैष्णवीला पाणी पाजताना तिचे दात बाटलीवर वाजत होते.

"बोललात का आबांशी?" तिनं विचारलं.

इथं तो 'नाही' म्हणू शकला असता. पण तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, हिला आता काहीतरी द्यायला हवं. "बोललो," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"अंग पूस म्हणाले."

वैष्णवी हसली. फुटलेल्या ओठातून रक्त आलं तरी हसली. सायकलवर बसली आणि असा जोर लावला, की पुढच्या वळणावर तिनं दोघांना मागं टाकलं. चंद्रभान गाडीत बसून रडला. ड्रायव्हरला वाटलं, बायकोचं कौतुक वाटून रडतोय. तसं बघितलं तर आपल्या खोटेपणाचं त्यालाही कौतुकच वाटत होतं.

शेवटच्या चढावर तो तिच्याबरोबर चालला. पळणं कधीच संपलं होतं. ती चार पावलं टाकायची आणि गुडघ्यांवर हात टेकवून उभी राहायची. त्याचीही छाती फुटायला आली होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "मला न्हाई व्हायचं." तो म्हणाला, "आबांना काय सांगू मग?" हेही त्यानं केलं. ती उठली आणि चालली. उन्हं कलल्यावर गोम्पाच्या पायरीला तिचा हात लागला. कुणीतरी गळ्यात पांढरं वस्त्र घातलं, कुणी टाळ्या वाजवल्या. पदक घेऊन ती पायरीवरच आडवी झाली.

मुक्कामाच्या खोलीत चंद्रभाननं गरम डाळभात आणवला. तिला फारसं जाईना, पण चार घास गेले. मग त्यानं ताट बाजूला सरकवलं, समोर बसला आणि घसा साफ केला. तो आवाज वैष्णवी ओळखत होती.

"आबाची तब्येत जरा..."

"सरळ सांगा."

"गेले."

तिनं विचारलं, "कधी?"

"सकाळी. तू पाण्यात होतीस तेव्हा फोन आला भुजंगचा."

"फोन द्या."

त्यानं फोन चालू केला. तिनं लावला आणि आवाज मोठा करून मध्ये ठेवला. भुजंग पहिल्याच घंटीला बोलला, आणि या वेळी त्याचा आवाज सरळ नव्हता. "ताई, कुठं होतात गं तुमी? आत्ता गेले आबा. अजून दवाखान्यातच हाव आमी."

"आत्ता?" वैष्णवी म्हणाली. "सकाळी न्हाई?"

"सकाळी कुठं? सकाळी चांगलं बोलायले होते. दाजींना सांगितलं की मी. दिवसभर एकच घोकत होते, निघाली का पाण्यातून. आमी म्हणलो, निघाली आबा, कवाच निघाली. त्यांना पटंना. म्हणले, निघाली तर हाक कशी आली न्हाई." भुजंग थांबला. मागून कस्तुराबाईचा आवाज आला, तो रडका नव्हता, नुसता थकलेला होता. "पोरीला बुडाली समजून गेला गं माझा माणूस."

खोलीत हीटरचा बारीक आवाज तेवढा चालू होता. भुजंगनं विचारलं, "ताई, आबांना ठेवायचं का तुमी येईस्तोवर?" वैष्णवी म्हणाली, "नका ठेवू. आईचे हाल होतील." मग फोन ठेवून तिनं चंद्रभानकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आली असती, तर त्याला सोपं गेलं असतं.

"अंग पूस कोण म्हणालं होतं?" तिनं विचारलं.

गावोगावच्या मयतींत ज्याचा आवाज कधी फुटला नाही, तो माणूस भिंतीला टेकून लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. वैष्णवीनं ताट उचललं, उरलेला भात झाकून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दहाव्याला सगळं झाल्यावर ती येलदरीच्या पाण्यात उतरली. नातेवाईक काठावर होते, कुणी अडवलं नाही. आतल्या खडकापर्यंत गेली आणि परत आली. काठाला लागल्यावर आबा बसायचे त्या दगडाकडे तोंड करून उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. चंद्रभान टॉवेल घेऊन पुढं झाला. तिनं तो घेतला नाही. ओल्या अंगानं, पाणी निथळत, सगळ्यांच्या मधून ती घराकडे चालत गेली.

पुढच्या हिवाळ्यात चतुराबाई झोपेतच गेली. तिचा लेक हैदराबादला. गल्लीतल्या लोकांनी नेहमीप्रमाणे चंद्रभानच्या हातात फोन दिला. त्यानं घसा साफ केला नाही, बाजूलाही गेला नाही. "तुझी आई गेली," तो म्हणाला. "पहाटे गेली. झोपेत. तुला विचारलं न्हाई, कुणालाच काही बोलली न्हाई." पलीकडून किंकाळी ऐकू आली. लोकांनी त्याच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "माणूस हायस का कोण?" एकजण म्हणाला. तेव्हापासून असल्या कामाला त्याला कुणी बोलवत नाही.

वैष्णवी अजून पोहते. परभणीच्या तलावात रोज सकाळी, सुट्टीत येलदरीला. ती घर सोडून गेली नाही, त्याच्याशी भांडली नाही, रोजचा डबाही देते. चंद्रभान काठावर टॉवेल घेऊन उभा राहतो. ती बाहेर येते, न बोलता त्याच्या जवळून जाते. तो कोरडा टॉवेल घडी करून पिशवीत ठेवतो आणि तिच्या मागं चालायला लागतो.